अंबरनाथच्या एका दिवसात सहा प्रमाणे

(कळवा येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



येत्या रविवारी आपल्यापैकी बरेच जण अंबरनाथचे शिवमंदिर बघायला जाणार आहेत. त्याआधी मंदिराची माहिती सांगा, असे मला सांगण्यात आले. माहिती सांगणार आहेच. पण नुसती माहिती आजकाल मोबाइलवरही मिळते, आणि खरी-खोटी एकत्र कालवून मिळते. कुणी म्हणते मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, कुणी म्हणते हजार वर्षांपूर्वीचे आहे, कुणी म्हणते त्याहून दोनशे वर्षे जुने. ऐकणारा माणूस विचारतो, यातले खरे कोणते मानायचे? हा प्रश्न आमच्या तत्त्वज्ञानाच्या विषयातला आहे. आपल्या परंपरेत त्याला प्रमाणविचार म्हणतात. जे कळले ते कशाच्या जोरावर कळले, हे तपासायचे.

नैयायिक चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक त्यात दोन भर घालतात: अर्थापत्ती आणि अनुपलब्धी. अशी सहा. चार्वाक मात्र एकट्या प्रत्यक्षावर भागवतो. वर्गात ही सहा प्रमाणे शिकवायला आम्ही महिने घालवायचो आणि तरी मुलांच्या तोंडावर कंटाळा दिसायचा. अंबरनाथच्या आवारात ती एका दिवसात समजतात, असे माझे मत आहे. कसे ते सांगतो.

आधी प्रवासाचे दोन शब्द. कळव्याहून थेट अंबरनाथ किंवा बदलापूरची स्लो गाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर कल्याणला उतरून गाडी बदलायची. मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, मग विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ. पूर्वेला उतरायचे. मंदिर स्टेशनपासून दोनेक किलोमीटर आहे, रिक्षा मिळतात. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला जाऊ नका असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी भिंती बघायला मिळत नाहीत, फक्त माणसांच्या पाठी दिसतात. आणखी एक. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. सकाळचे ऊन मागच्या भिंतीवर पडते, दुपारनंतरचे समोरच्या दारावर. म्हणून दोन्ही वेळ मिळतील असे जा. डबा बरोबर घ्या.

एकेकाळी हे रानातले मंदिर होते. आता चहूबाजूंनी शहर आले आहे. शेजारून वालधुनी वाहते. ती उल्हास नदीला मिळणारी छोटी नदी, आज सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या रसायनांनी काळवंडलेली. प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे फक्त डोळे नव्हेत, पाचही इंद्रिये. वालधुनी जवळ आली हे नाकाला आधी कळते. हेही ज्ञानच आहे आणि ते लपवायचे कारण नाही.

आता पहिले प्रमाण, प्रत्यक्ष.

न्यायशास्त्रात प्रत्यक्षाच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली निर्विकल्पक, म्हणजे नाव न देता झालेले ज्ञान. नुसते ‘काहीतरी आहे’ एवढे. दुसरी सविकल्पक, म्हणजे ‘हा घट आहे’, ‘ही गाय आहे’ असे नाव आणि जात जोडून झालेले. आपण देवळात गेलो की पहिली पायरी टाकून थेट दुसरीवर उडी मारतो. मूर्ती दिसली रे दिसली की ‘ही कोणती देवी हो?’ नाव कळले की पुढे.

माझी विनंती अशी की पहिली प्रदक्षिणा नावे न विचारता घाला. काय दिसेल? काळ्या बेसॉल्टची भिंत दिसेल, आणि ती सरळ नाही हे दिसेल. ती जागोजागी पुढे येते, मागे जाते, कोन करते. एखादा कागद घड्या घालून उभा करावा तशी. त्यामुळे प्रत्येक मूर्तीला स्वतःची सावली मिळते आणि ऊन सरकेल तशी भिंत बदलत जाते. खाली आडवे थर दिसतील, त्यात हत्तींची रांग दिसेल. समोर मंडप आणि मागे गाभारा हे दोन वेगळे भाग कुठे जोडले आहेत ते दिसेल. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी दारे आहेत हे दिसेल.

मग दुसरी प्रदक्षिणा नावे घेत घाला. शिव-पार्वती, नटेश, महिषासुरमर्दिनी, गणपती, सुरसुंदरी. इथे घाई केली की दोरीचा साप होतो. हजार वर्षे पावसात भिजलेला दगड आहे. झिजलेल्या मूर्तीचे हात गेलेत, आयुधे गेलीत. तीन तोंडे दिसली की आपण पटकन ब्रह्मदेव म्हणतो. पण कोकणातल्या शिवालयात तीन मुखे शिवाचीही असतात, घारापुरी आठवा. हातात काय आहे, पायाशी वाहन कोणते आहे, मांडीवर देवी आहे का, हे बघून मगच नाव द्यायचे. नाव चुकले तर देवाचे काही बिघडत नाही, आपले ज्ञान बिघडते.

दुसरे प्रमाण, शब्द.

शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगतो, तो आप्त. अंबरनाथला असा एक आप्त दगडातच आहे. उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या बाजूला तुळईवर एक शिलालेख आहे. त्यात महामंडलेश्वर मामवाणि, म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे, आणि छित्तराजाच्या नावाने हे भवन सिद्ध केल्याचे म्हटले आहे. छित्तराज हा मुम्मुणीचा थोरला भाऊ, त्याच्या आधीचा राजा. काम थोरल्याने सुरू केले आणि धाकट्याच्या काळात पुरे झाले, असा त्याचा अर्थ महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी लावला. हे राजे परके नव्हेत हं. त्यांच्या लेखांत येणारे श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे.

आता गंमत बघा. लेखात शकाचा आकडा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो ७८२ असा वाचला. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख पुन्हा तपासला आणि सांगितले की आकडा ९८२ आहे. म्हणजे इसवी सन १०६०. झिजलेल्या दगडावरचा एक आकडा, सात की नऊ, आणि दोनशे वर्षांचा फरक! त्यातही भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. गुरूचे वाचन शिष्याने दुरुस्त केले आणि विद्वानांनी ते मान्य केले. कुणाचा अपमान झाला नाही.

पण शिष्याचे का मानायचे? नवीन म्हणून? नाही. पडताळा येतो म्हणून. कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहारांच्या काळातले लेख आहेत. त्यातल्या शके ७७५ च्या आणि शके ७९९ च्या लेखांत राजा म्हणून दुसऱ्या कपर्दीचे नाव आहे. ७८२ हे वर्ष या दोन्हींच्या मधोमध येते. तेव्हा गादीवर कपर्दी असताना मुम्मुणी कुठून येणार? उलट मुम्मुणीचा ताम्रपट ठाण्यातच मिळाला आहे, तो शके ९७० चा. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा. ९४८, ९७०, ९८२. आकडे कसे एका ओळीत बसले! एक लेख एकटा बोलतो तेव्हा ऐकायचे. चार लेख वेगवेगळ्या ठिकाणांहून तेच बोलतात तेव्हा मानायचे. पुढच्या वेळी मोबाइलवर कुणी प्राचीनतेचा मोठा आकडा पाठवला, तर एवढेच विचारा: हा आकडा कुठे लिहिला आहे, तो कुणी वाचला, आणि तो दुसऱ्या कशाशी जुळतो?

या तारखेचे महत्त्व मंदिरापुरते नाही. जुन्या देवळांपैकी बहुतेकांवर तारीख नसते. ज्याच्यावर आहे ते मोजपट्टीसारखे वापरता येते. ‘अमुक देऊळ अंबरनाथच्या आधीचे की नंतरचे’ असा विचार करता येतो. म्हणून तो एक आकडा बरोबर वाचला जाणे गरजेचे होते.

तिसरे, उपमान.

ग्रंथांतले उदाहरण असे आहे. शहरातल्या माणसाने गवय नावाचा रानटी प्राणी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग तो रानात जातो, गाईसारखा प्राणी पाहतो आणि त्याला कळते, ‘गवय म्हणतात तो हाच.’ आता तुमच्यापैकी अनेकांनी सिन्नरचे गोंदेश्वर पाहिले असेल. त्याचे शिखर आठवा. चारी बाजूंना खालपासून वरपर्यंत जाळीदार नक्षीचे अखंड पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, वर जातील तशा लहान होत जाणाऱ्या. या घडणीला भूमिज म्हणतात. मी तुम्हाला सांगितले की भूमिज शिखर सिन्नरसारखे असते. रविवारी अंबरनाथच्या गाभाऱ्यावरचा उरलेला भाग बघाल, तेव्हा तिथे पट्ट्यांची सुरुवात आणि छोट्या शिखरांच्या खालच्या रांगा दिसतील, आणि तुम्हीच म्हणाल, ‘भूमिज म्हणतात ते हेच.’ कुणाला विचारावे लागणार नाही.

चौथे, अनुमान.

‘पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे’ हे आपले जुने उदाहरण. आपण ते पारसिकच्या डोंगरावर नेऊन ठेवू. डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, ही व्याप्ती आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आग आहे. अंबरनाथचे शिखर आज नाही. मंडपाच्या उंचीच्या जरा वर जाऊन ते थांबते. पण जिथे पट्टे आणि रांगा अशा सुरू होतात तिथे वर भूमिज शिखर असते, ही व्याप्ती सिन्नरला आहे, मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरच्या उदयेश्वर मंदिरातही आहे. ते परमार राजा उदयादित्याच्या काळातले, अंबरनाथच्या अगदी समकालीन. म्हणून इथेही तसेच शिखर योजलेले होते, हे अनुमान पक्के.

पण अनुमानाला मर्यादा असते, आणि ती नीट लक्षात ठेवा, कारण शेवटी तिचा उपयोग होणार आहे. धुरावरून आग आहे एवढे कळते. कोणते लाकूड जळते आहे, ज्वाळा किती हात उंच आहे, हे कळत नाही. अनुमान सामान्य सांगते, विशेष सांगत नाही. तसेच शिखर भूमिज होते हे कळते. त्यावरची प्रत्येक नक्षी, प्रत्येक कोपरा कसा होता, हे कळत नाही.

पाचवे, अर्थापत्ती.

देवदत्त धष्टपुष्ट आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. मग त्या एकत्र कशा नांदतात? तो रात्री जेवत असला पाहिजे. समोरच्या दोन गोष्टींचा मेळ बसवण्यासाठी तिसरी मानावी लागते, ती अर्थापत्ती.

अंबरनाथला काय दिसते? एवढे अफाट कोरीवकाम, आणि वर शिखर नाही. मेळ बसत नाही. लोकांनी तो असा बसवला: पांडव वनवासात होते, एका रात्रीत मंदिर बांधायचे ठरले होते, पहाट झाली, काम अपुरे राहिले. आपण शिकलेली माणसे या गोष्टीला हसतो. हसू नये. ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याने मंदिर नीट पाहिले होते. ते अपुरे आहे हे त्याच्या लक्षात आले आणि त्याला कारण हवेसे वाटले. ही अर्थापत्तीच आहे. फोटो काढून निघून जाणाऱ्यापेक्षा त्या माणसाची नजर चांगली.

मग ती गोष्ट आपण इतिहास म्हणून का स्वीकारत नाही? कारण अर्थापत्तीची अट अशी की दुसऱ्या कोणत्याही रीतीने मेळ बसता कामा नये. देवदत्त रात्री जेवतो हे तेव्हाच मानायचे, जेव्हा दुसरी वाट उरत नाही. इथे दुसऱ्या वाटा आहेत. पैसा संपला असेल, सत्ता डळमळली असेल, पाया भार घेईना म्हणून थांबले असतील, किंवा शिखर पुरे होऊन नंतर कोसळले असेल. शिवाय दारावरचा लेख पांडवांचे नव्हे, शिलाहारांचे नाव सांगतो. म्हणून गोष्ट लोककथा म्हणून जपायची, नातवंडांना जरूर सांगायची, पण तारीख म्हणून वापरायची नाही.

सहावे आणि शेवटचे, अनुपलब्धी.

मंडपातून आत गेलात की गाभारा समोर नाही, खाली आहे. साधारण वीस पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी कुणाचा तरी हात धरावा. खाली पिंडी आहे. आणि वर मान केली की आकाश दिसते. छत नाही.

‘नाही’ हे कसे कळते? टेबलावर पेला नाही हे आपण पाहतो की तर्काने काढतो? नैयायिक म्हणतात, अभावाचेही प्रत्यक्षच होते. भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही, ‘न मिळणे’ हे स्वतंत्र प्रमाण आहे. हा वाद शेकडो वर्षे चालला. पण एका अटीवर दोघांचेही एकमत आहे: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती पाहिजे. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत पेला दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही.

आता प्रश्न: शिखर पडले की बांधलेच गेले नाही? अनेक अभ्यासकांना ते पूर्ण झालेच नसावे असे वाटते. त्यावर कुणी म्हणेल, सोपे आहे, कोसळले असते तर आजूबाजूला त्याचे दगड सापडले असते; ढीग नाही, म्हणून पडलेले नाही. पण थांबा. घडीव दगड आयता मिळाला तर गावोगावची माणसे घराच्या पायाला, विहिरीला, बांधाला नेतात. नऊशे वर्षांत किती गाड्या गेल्या असतील? म्हणजे दगड असते तर आज इथेच दिसले असते, असे खात्रीने म्हणता येत नाही. योग्यता नाही, म्हणून नुसत्या त्या न सापडण्यावरून निर्णय करता येत नाही. निर्णय करायचा तर भिंतीच्या माथ्यावरचे सांधे, उरलेल्या दगडांची घडण, अशा दुसऱ्या खुणा तपासाव्या लागतात. सापडले नाही म्हणजे नव्हते, असे म्हणायच्या आधी ही अट आठवा. इतिहासातच नव्हे, घरातही उपयोगी पडते.

एवढे बोलून मी थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: सर, शिखर भूमिज होते हे एवढे नक्की आहे, तर आता यंत्रे आहेत, कारागीर आहेत. ते पूर्ण का करू नये? आपल्याकडे जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे मानले आहे.

फार चांगला प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याची भावना खरी आहे. जीर्णोद्धाराची परंपरा खरोखर आहे. आपली कितीतरी देवळे तिच्यामुळेच उभी आहेत. देवळाला आपण देवाचे शरीर मानतो आणि शरीराची डागडुजी करतो. त्या दृष्टीने बघितले तर बिनशिखराचे देऊळ उघडे वाटते, हे मला कळते.

पण अंबरनाथचे मंदिर देवस्थान आहे तसा तो साक्षीदारही आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते संरक्षित केले आहे. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे, २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवतालच्या शंभर मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण असते. पण मी कायद्याचे कारण पुढे करणार नाही. मघाचेच कारण सांगतो. अनुमान सामान्य सांगते, विशेष सांगत नाही. आपण शिखर चढवले तर त्यावरचा प्रत्येक दगड आपल्या अंदाजाचा असेल. पन्नास वर्षांनी येणारा माणूस ते प्रत्यक्ष म्हणून बघेल आणि म्हणेल, शिलाहारांचे शिखर असे होते. आपला अंदाज त्याच्यासाठी पुरावा होऊन बसेल. साक्षीदाराच्या तोंडी आपण वाक्य घातल्यासारखे होईल. शिवाय पडले की अपुरे राहिले, हा प्रश्न ज्या माथ्यावरच्या खुणांवरून सुटू शकतो, त्या खुणाच नव्या बांधकामाखाली गाडल्या जातील.

जीर्णोद्धाराची हौस असेल तर तिला दुसरे मोठे काम आहे. वालधुनी. तिचे पाणी स्वच्छ करायला अनुमान लागत नाही. नदी कशी असते हे आपल्या पिढीने पाहिले आहे.

प्रश्न: असे सगळे तपासत बसलो तर दर्शन कधी घ्यायचे? श्रद्धेला बाधा नाही का येत?

हा प्रश्न मला वर्गातही विचारत. माझे उत्तर साधे आहे. उदयनाचार्य हे न्यायशास्त्रातले फार मोठे तार्किक. त्यांनी आपल्या न्यायकुसुमांजलीत ईश्वर आहे हे प्रमाणांनी सिद्ध करायला घेतले, आणि त्या विचारालाच उपासना मानले. तर्क केल्याने देव दुरावतो असे त्यांना वाटले नाही. तुम्ही गाभाऱ्यात उतराल तेव्हा हात जोडा, फूल वाहा. शके ९८२ मध्ये तिथे उतरलेल्या माणसानेही तेच केले असेल. वर आल्यावर भिंतीकडे बघा. एकाच माणसाला दोन्ही जमते, त्यासाठी दोन वेगळे दिवस काढावे लागत नाहीत.

फक्त पायऱ्या सावकाश उतरा. आणि परतीची गाडी संध्याकाळच्या गर्दीच्या आधीची पकडा.